परसातले भिरभिरे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरच्या कोणी विदुषी येतात आणि आपण त्यांचे विचार ऐकतो. यंदा मंडळाने ते काम माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईवर टाकले, याचे कारण माझी विद्वत्ता खचित नव्हे. आमच्या घराच्या परसात गेली दोन वर्षे जी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्चीवजा वस्तू उभी आहे, आणि जिच्या डोक्यावर वीस फूट लांबीची पाती कधी चढवलेली तर कधी उतरवलेली दिसतात, तिच्याबद्दल गावात नाना तर्क चालू आहेत. कोणी म्हणते पवनचक्की आहे, कोणी म्हणते बोअर मारायचे यंत्र आहे. मळवली स्टेशनावर तर एका बाईंनी मला थांबवून विचारले, "तुम्ही हेलिकॉप्टर घेतले म्हणे!" चिक्कीच्या पाकिटांवर हेलिकॉप्टर येत असते तर घेतलेही असते. तेव्हा ती वस्तू काय आहे, कशी बांधतात आणि तिच्यापायी आमच्या घरात काय विचार करावा लागला, हे आज एकदाच सर्वांना सांगून टाकते.

ती वस्तू म्हणजे ऑटोजायरो. माझ्या पुतण्याचा हा उपद्व्याप. त्याचे वडील म्हणजे माझे धाकटे दीर तो लहान असतानाच गेले. तो आयटीआयचा फिटर आहे. कामशेतच्या टेकड्यांवर ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत जी रंगीबेरंगी पॅराग्लायडर तरंगताना आपण पाहतो, तिथे तो सुटीच्या दिवशी मदतनीस म्हणून जातो. पंख पसरून देणे, दोऱ्यांची गुंतवळ सोडवणे, वारा कोठून आहे ते पाहणे, ही त्याची कामे. तिथे त्याला वाऱ्याचे वेड लागले. मग कोठून तरी अमेरिकेतल्या एका जुन्या यंत्राचे नकाशे त्याने मिळवले आणि एके दिवशी म्हणाला, "काकू, हे मी आपल्या परसात बांधू का?" त्याची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा हा एकुलता एक. ती एवढेच म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही हो म्हणाल तर माझे हो." म्हणजे सगळे माझ्या पदरात आले. ज्यातले काही कळत नाही त्याला हो तरी कसे म्हणावे आणि नाही तरी कसे म्हणावे? म्हणून मी ठरवले की आधी समजून घ्यायचे. रोज रात्री जेवणे आटोपली की तो इंग्रजी वाचून मराठीत सांगे आणि मी पेन्सिलीने वहीत लिहून घेई. आज जे बोलणार ते त्या वहीतले.

एकवीरेच्या चैत्रातल्या यात्रेत आपण मुलांना भिरभिरे घेऊन देतो. पोर ते धरून नुसते उभे राहिले तर ते फिरत नाही. पळू लागले की गरगर फिरते. त्याला ना चावी, ना सेल. पळण्याने जो वारा लागतो तोच त्याला फिरवतो. आता असे समजा की ते भिरभिरे हातात उभे न धरता डोक्यावर आडवे धरले आहे, थोडेसे मागे कलते, म्हणजे समोरचा वारा त्याच्या खालून शिरेल. आणि ते इतके मोठे आहे की फिरता फिरता पोरालाच उचलून नेईल. झाला ऑटोजायरो. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचा पंखा इंजिन फिरवते. इथे वर उडाल्यावर इंजिनाचा त्या पंख्याशी काही संबंध नाही. इंजिन असते माणसाच्या पाठीमागे. ते दुसरा एक लहान पंखा फिरवून यंत्राला नुसते पुढे ढकलते. पोराच्या पायांचे काम ते करते, एवढेच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हे यंत्र हेलिकॉप्टरसारखे एका जागी अधांतरी थांबू शकत नाही. पुढे पळाले तरच वर राहील, आणि वर चढण्यापूर्वी जमिनीवर थोडे धावावे लागेल. दुसरी गोष्ट आमच्या घरच्या दृष्टीने महत्त्वाची: इंजिन बंद पडले तर पंखा थांबत नाही. यंत्र खाली येऊ लागते, खालून वारा लागतच राहतो, आणि पंखा फिरतच राहतो. आपल्या डोंगरातली उक्षीची वेल सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या फळाला पाच वाळकी पाती असतात आणि उन्हाळ्यात ती फळे वेलीवरून सुटली की गिरक्या घेत घेत खाली येतात. दगडासारखी धपकन पडत नाहीत. माधवीच्या वेलीचे तीन पात्यांचे फळ तसेच. देवाने जे बी पेरण्यासाठी केले ते माणसाने स्वतःला उतरवण्यासाठी उचलले.

हे प्रथम ज्याने केले तो गृहस्थ स्पेन देशाचा, हुआन दे ला सिएर्वा. जन्म १८९५ चा. १९१९ साली त्याने बांधलेले तीन इंजिनांचे मोठे विमान जमिनीजवळ वेग कमी पडल्यामुळे कोसळले. साध्या विमानाचे पंख स्थिर असतात. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला की ते पंख उचलून धरण्याचे सोडून देतात. सिएर्वाने विचार केला की विमानाचा वेग कमी झाला तरी पंखांचा वेग कमी होऊ नये, असे काही करता येईल का? पंखच फिरते ठेवले तर?

विचार चांगला होता, पण त्याची पहिली यंत्रे उडण्याऐवजी कुशीवर पडत. त्याचे कारण मला समजायला दोन रात्री लागल्या. समोरून वारा असताना सायकल हाकली तर तोंडावर वारा जास्त बसतो. वाऱ्याच्या दिशेने हाकली तर जवळजवळ लागतच नाही. तसेच फिरणाऱ्या पात्याचे. एका बाजूने पाते पुढे येते तेव्हा त्याला वारा जास्त लागतो आणि ते जास्त उचलते. दुसऱ्या बाजूने मागे जाताना कमी लागतो आणि ते कमी उचलते. एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मग यंत्र कलंडणारच! गंमत अशी की त्याचा लहानसा नमुना मात्र नीट उडत होता. नमुन्याची पाती वेताची होती. वेत लवतो. जास्त उचल आली की पाते आपोआप वर लवे, आणि वर जाता जाता त्याची उचल कमी होई. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती, ती लवत नव्हती. हे लक्षात आल्यावर त्याने प्रत्येक पाते मुळाशी बिजागरीवर बसवले. दाराला असते तशी बिजागरी, फक्त आडवी. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे येथे ते यंत्र उडाले. पाच वर्षांनी, १९२८ च्या सप्टेंबरात, तो स्वतः ऑटोजायरो हाकत लंडनहून खाडी ओलांडून पॅरिसला गेला.

त्याच्या त्या वेळच्या पात्यांची बांधणी मला आपल्या कामासारखी वाटली. आत पोलादाची नळी, तिच्यावर लाकडाच्या बारीक फासळ्या, आणि वरून ताणून चढवलेले कापड. म्हणजे पतंगाची कामटी आणि कागद, त्याचेच मोठे रूप. आणि नशीब पाहा. ज्याने वेग कमी झाला तरी न पडणारे विमान केले, तो १९३६ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या क्रॉयडन येथे धुक्यात उडालेल्या एका नेहमीच्या प्रवासी विमानात बसला होता; ते पडले आणि तो गेला. वय अवघे एक्केचाळीस.

पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याचेच बिनइंजिनाचे रूप केले. पाणबुडीतल्या माणसाला लांबचे दिसत नाही. म्हणून पाणबुडी पाण्यावर आली की तिच्या पाठीवर तीन पात्यांचे, सुमारे पाऊणशे किलोचे यंत्र काही मिनिटांत जुळवायचे, त्यात एका खलाशाला बसवायचे, आणि पाणबुडी पळाली की लांब दोरावर ते पतंगासारखे वर चढायचे. वरून तो टेलिफोनवर सांगणार की अमुक दिशेला जहाज आहे. यंत्राचे जर्मन नाव म्हणजे आपला शेपूट हलवणारा धोबी पक्षी. १९४३ च्या ऑगस्टात मादागास्कर बेटाच्या बाजूस, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरात, अशा टेहळणीने एक ग्रीक मालवाहू बोट हेरली गेली आणि बुडवली गेली. वर दोरावर बसलेल्या पोराचे मला फार वाटले. शत्रूचे विमान आले तर पाणबुडी बुडी मारणार आणि हा वर! तशा वेळी त्याने डोक्यावरचा पंखा सोडून द्यायचा आणि छत्रीने समुद्रात उतरायचे, अशी सोय होती म्हणे. सोय कसली!

युद्धातल्या अशा दोराच्या यंत्रांचा अभ्यास करून ज्याने घरी बांधण्याजोगा ऑटोजायरो काढला तो इगोर बेन्सेन. मूळ रशियातला, अमेरिकेत स्थायिक झालेला. त्याने नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली गावी कारखाना काढला. इंजिन लावलेले त्याचे यंत्र डिसेंबर १९५५ मध्ये उडाले, आणि त्यानंतरचे बी-८एम हे यंत्र १९५७ चे. आमच्या परसात आहे ते याच्याच नकाशांवरून. बेन्सेन नकाशे विकत असे, तयार सामानही विकत असे, आणि लोक आपापल्या गॅरेजमध्ये बांधत. हजारो लोकांनी त्याचे नकाशे नेले.

आता बांधणी. दोन इंच जाडीच्या चौकोनी अॅल्युमिनियमच्या नळ्या हाच सगळा सांगाडा. एक नळी तळाशी लांबीने, एक तिच्यावर आडवी, आणि एक उभा खांब. आडव्या नळीच्या दोन टोकांना दोन चाके, पुढे एक चाक. खांबाला टेकून बसायची जागा. तिला ना भिंत, ना छप्पर, ना दार. पाय पुढे सोडून झोपाळ्यावर बसल्यासारखे बसायचे. खांबाच्या मागे इंजिन. मूळ यंत्राला मॅकलॉक कंपनीचे चार सिलिंडरचे, ७२ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन असे. ते मुळात तोफांच्या सरावासाठी उडवायच्या बिनमाणसाच्या विमानांकरिता केलेले. एकदा उडायचे आणि पाडले जायचे, एवढेच ज्याचे आयुष्य, ते इंजिन माणसाच्या पाठीशी बांधलेले! हे ऐकून जाऊबाईंनी हातातले निवडणे खाली ठेवले होते. शेवटी तळाच्या नळीच्या टोकाला प्लायवुडचे उभे शेपूट, पायांनी वळवायचे. रिकाम्या यंत्राचे वजन ११० किलोच्या आसपास, म्हणजे तांदळाची दोन पोती आणि वर एक पिशवी.

या यंत्राला कोठेही वेल्डिंग नाही, सगळे बोल्टांनी जोडायचे. बेन्सेनने हे मुद्दाम केले, कारण घरी वेल्डिंग करणाऱ्याचे सांधे कसे होतील याचा भरवसा नाही. बोल्ट मात्र डोळ्यांनी तपासता येतो. म्हणून बोल्ट हाच या यंत्राचा प्राण. आमच्या घरी बोल्टांचा हिशेब माझ्याकडे आहे. माझा जुना मिसळणाचा डबा त्यासाठी दिला आहे. सात वाट्या, सात मापे. कोणता बोल्ट कोठे लावला, कोणत्या दिवशी आवळला, कोणी आवळला, हे वहीत. एकदा खोललेला नट पुन्हा लावायचा नाही, नवा घ्यायचा, असा आमचा नियम. त्यावरून पुतण्या कधी कधी कुरकुरतो, पण वही माझ्याकडे आहे.

सर्वांत वरचा बोल्ट वेगळा. पंख्याची दोन पाती मिळून एकच तराजूची दांडी आहे असे समजा. ती मधोमध एका बोल्टवर झुलते. एक पाते वर गेले की दुसरे खाली. सिएर्वाने प्रत्येक पात्याला निराळी बिजागरी दिली होती, बेन्सेनने दोहोंना मिळून हा एकच झोका दिला. उडताना यंत्र, इंजिन, पेट्रोल आणि माणूस, सगळे ओझे त्या एका बोल्टला लटकते. कानातल्याची फिरकी सैल होऊन पडली तर आपण अंगण झाडून काढतो. ही फिरकी पडली तर झाडायला काही उरत नाही. म्हणून त्या नटाला वरून खाचा असतात आणि बोल्टला आरपार भोक असते. खाचेतून भोकात पिन घालून तिची टोके दोन बाजूंना वळवतात, म्हणजे नट फिरूच शकत नाही. यंत्र वळवायचे ते हे सगळे डोके कलते करून. डोके मागे कलले की नाक वर, डावीकडे कलले की यंत्र डावीकडे. बेन्सेनच्या जुन्या यंत्रात हे करणारा दांडा वरून माणसाच्या तोंडासमोर लोंबत असे आणि तो साध्या विमानाच्या दांड्याच्या उलट चाले. आमच्याकडे खालून येणारा सरळ दांडा बसवला आहे, कारण उलटसुलट सवयी नकोत.

सामान मिळवण्याचीही एक हकिगत आहे. नळ्यांसाठी विमानाच्या जातीचे अॅल्युमिनियम लागते. एका दुकानदाराने तेच म्हणून दिले आणि पैसेही तसेच घेतले. पुतण्याने घरी आणून एक तुकडा शेगड्यात धरून वाकवला, तर तो ऊस वाकावा तसा वाकला. दाखला मागायला परत गेला, तर दुकानदार म्हणाला दाखला वेगळा मिळतो, त्याचे पैसे वेगळे. त्या नळ्यांचा आम्ही तुळशीपुढे वेलींचा मांडव केला. पुढच्या खेपेस दाखला आधी, नळी नंतर, अशी खरेदी केली. त्यात आठ महिने गेले.

पण खरा घोर पात्यांचा. नकाशात लाकडी पाती आहेत: प्लायवुडचे थर, आत पोलादाची पट्टी, वरून व्हार्निश. प्रत्येकी सुमारे दहा फूट. दोन्ही पात्यांचे वजन सारखे हवे. नुसते वजन सारखे असून भागत नाही. ते वजन लांबीवर सारखेच पसरलेले हवे. ती एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणतात. दोरा नेमका मधल्या बोल्टवरून गेला पाहिजे. एक टोक पुतण्याच्या हातात, दुसरे माझ्या, आणि मध्ये वाकून पाहणाऱ्या जाऊबाई. वटपौर्णिमेलाही आम्ही दोऱ्याकडे इतक्या टक लावून कधी पाहिले नव्हते. दोन्ही पाती सारखी झाली, मधल्या पिनेवर दांडीसारखी स्थिर राहिली, आणि आम्ही ती जूनमध्ये पडवीत आडवी ठेवली.

मावळातला पावसाळा आपल्याला काय सांगायचा! मीठ पाझरते, काडेपेटी पेटत नाही, पापड मऊ पडतात. नवरात्रात पाती काढून पिनेवर ठेवली तर एक बाजू सरळ खाली गेली. एक पाते स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होते, त्याला चुलीची ऊब मिळाली. दुसरे बाहेरच्या भिंतीला, त्याने चार महिने ओल प्यायली. डोळ्यांना काही दिसत नव्हते, हातालाही नाही. पण मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या पंख्यात एवढाही फरक असला तर सगळा सांगाडा थरथरतो आणि तो दांडा माणसाच्या हातात गोलगोल फिरू लागतो. अमेरिकेच्या नकाशात लोणावळ्याचा पाऊस धरलेला नाही. त्या दिवशी ठरले की लाकडी पाती फक्त जमिनीवर शिकण्यासाठी. उडायचे झाले तर धातूचीच पाती. पुढे बेन्सेननेही धातूची पाती दिलीच होती.

मग गोठ्याच्या तुळईला चेनपुली लावून सगळे यंत्र त्या वरच्या बोल्टने टांगले, पुतण्याला त्यात बसवले आणि ओळंब्याने पाहिले की नाक किती झुकते. नाक फार वर राहिले किंवा फार खाली गेले तर खांबावरचा जोड सरकवावा लागतो. पुतण्या जमिनीपासून फूटभर वर लोंबकळत होता आणि जाऊबाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्या वेळी त्यांनी मला विचारले, "जाऊबाई, हे उडेल कसे ते मला कळले. आता हे पडेल कसे, ते सांगा."

भगिनींनो, दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी वही काढली आणि जे लिहिले होते ते जसेच्या तसे सांगितले. इंजिन बंद पडले तर पडणार नाही. खाली मोकळी जागा असेल तर उक्षीच्या फळासारखे उतरेल. वरचा बोल्ट गेला तर काहीही वाचवणार नाही. पण तो रोज पाहता येतो. तिसरे कारण यंत्रात नसून हातात आहे, आणि तेच सर्वांत मोठे.

झोपाळा उंच जाऊन परत फिरतो त्या क्षणी पोटात गोळा येतो, अंगाला वजनच नसल्यासारखे वाटते. ऑटोजायरो जोरात पुढे जात असताना नवशिक्याने घाबरून दांडा एकदम पुढे दाबला, तर तसेच होते. यंत्राचे वजन क्षणभर पंख्याला लटकत नाही. वजन लटकत नाही म्हणजे खालून वारा शिरत नाही, आणि वारा शिरत नाही म्हणजे भिरभिरे मंदावते. मंदावलेली पाती ताठ राहत नाहीत. वरखाली आपटू लागतात आणि मागच्या शेपटावर किंवा पंख्यावर आदळतात. शिवाय पाठीमागचे इंजिन ढकलतच असते. ते जर वजनाच्या मध्यापेक्षा वर बसवलेले असेल तर यंत्राला पुढे कोलांटी देते. हे सगळे एकदोन सेकंदांत. साध्या विमानात नाक खाली दाबणे हा बचावाचा मार्ग असतो. इथे तोच घातक. म्हणून साधे विमान चालवता येणारी माणसेही यात दगावली, आणि नकाशा आणून, बांधून, कोणाकडे न शिकता स्वतःच उडू पाहणारी तर फारच. जुन्या बेन्सेन यंत्राला आडवे शेपूट नव्हते. पुढे लोकांनी ते लावायला सुरुवात केली, तेव्हा यंत्राचे हे नाक खुपसणे पुष्कळ आटोक्यात आले.

याच्या उलट उदाहरणही वहीत आहे. इंग्लंडचे केन वॉलिस हे हवाई दलातले गृहस्थ. त्यांनी १९६१ मध्ये आपला ऑटोजायरो उडवला. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या जेम्स बाँडच्या चित्रपटात जे चिमुकले यंत्र दिसते ते त्यांचेच, आणि नटाऐवजी ते हाकलेही त्यांनीच. ते २०१३ साली वारले तेव्हा ९७ वर्षांचे होते. म्हणजे या यंत्रावर म्हातारपण येऊ शकते. मी हे जाऊबाईंना मुद्दाम सांगितले. त्या म्हणाल्या, "ते हवाई दलातले होते."

त्या रात्री आम्ही तिघे बसलो. मी हो म्हटले, पण सरसकट नाही. नकाशात नसले तरी आडवे शेपूट लावायचे; ते लावून झाले आहे, ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी पाहावे. (पाहायला येताना मुलांचा हात धरून यावे आणि पाती चढवलेली असली तर ओट्यावरूनच पाहावे, एवढी विनंती. मागच्या महिन्यात एका पोराने पात्याला लोंबकळून झोका घेतला.) दुसरे असे की ज्याला येते त्याच्या शेजारी बसून, दोन जागांच्या यंत्रात, आधी शिकायचे. अशी शिकवण आपल्या मावळात नाही; बाहेर जावे लागेल, पैसे लागतील, रजा लागेल. ते जमेपर्यंत पाय जमिनीवर. दोराने जीपमागे ओढून थोडे थोडे शिकावे असे बेन्सेन सांगे, पुतण्याचाही तोच आग्रह होता. पण दोरावरही वर कोणीतरी एकटाच बसलेला असतो, म्हणून मी तेही मान्य केले नाही. यावर आमचे चार दिवस बोलणे बंद होते.

तिसरे म्हणजे कागद. परसात बांधणे वेगळे आणि उडवणे वेगळे. उडायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्यांच्याकडे नोंदणी आणि उडण्याचा परवाना हवा. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून नवा आला, पण परवाना काही सुटलेला नाही. शिवाय लोहगावचा तळ हवाई दलाचा, जवळ शिवाजी हे नौदलाचे ठाणे. आपले आकाश काही कोणी यावे आणि उडावे असे मोकळे नाही. कागदाला किती वेळ लागतो याचे उदाहरण आपल्या मराठी माणसाचेच आहे. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा माणसांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते प्रदर्शनात मांडले गेले, सगळ्या देशाने पाहिले, तरी नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि प्रत्यक्ष उडण्याची परवानगी त्याच्याही पुढे. ते स्वतः वैमानिक होते. आमचा तर फिटर.

तर सध्या परसात जे उभे आहे ते इंजिनाशिवाय आहे. वाऱ्याच्या दिवशी पुतण्या त्याला जमिनीला चार खुंट्यांनी बांधतो, हाताने पाती ढकलून फिरवतो आणि मग आत बसून नुसता दांडा हलवत राहतो. संध्याकाळच्या वाऱ्यात पाती आपली आपण फिरू लागतात आणि त्यांचा फडफड आवाज स्टेशनापर्यंत जातो. तक्रार आली आहे ती त्याचीच. इंजिनासाठी त्याने साठवलेले पैसे पोस्टात जाऊबाईंच्या नावावर ठेवले आहेत. शिकून आल्याचा कागद दाखवल्यावर ते काढायचे, असे ठरले आहे. पासबुक मिसळणाच्या डब्याखाली आहे.